व्याख्यान ऐकताना टिपणे कशी काढावीत

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत निम्न श्रेणी लघुलेखकाच्या पदासाठी उमेदवाराने मिनिटाला किमान १०० शब्द लघुलिपीत उतरवावेत, अशी अपेक्षा असते. उच्च श्रेणीसाठी ती १२० शब्दांची असते. ही गती गाठण्यासाठी माणूस नेहमीची अक्षरे बाजूला ठेवून रेघा, ठिपके आणि वळणे यांची एक वेगळीच लिपी शिकतो आणि तिचा महिनोन्‌महिने सराव करतो. सावकाश बोलणारा प्राध्यापकही साधारण याच गतीच्या आसपास बोलतो. आपण मात्र नेहमीच्या देवनागरीत, हात चांगला चालत असला तरी, मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांपलीकडे फारसे जाऊ शकत नाही. म्हणजे ऐकलेल्या चार-पाच शब्दांपैकी एकच कागदावर येणार, हे व्याख्यानाला बसण्यापूर्वीच ठरलेले असते. तो एक शब्द कोणता असावा, हे आपण ठरवायचे की दमलेल्या हातावर सोडायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडे शाळेपासून ‘लिहून घ्या’ म्हटले की वही उघडायची आणि सर सांगतील ते शब्दशः उतरवायचे, अशी सवय लागलेली असते. तिथे सर आपल्यासाठी थांबतात, ओळ पुन्हा सांगतात, स्वल्पविरामही सांगतात. महाविद्यालयातील तास, स्पर्धा परीक्षेच्या वर्गातील दोन-दोन तासांचे सत्र किंवा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावरचे भाषण यांत कोणी कोणासाठी थांबत नाही. शाळेतली सवय तिथे घेऊन गेलेला श्रोता पहिले वाक्य पूर्ण लिहितो, तोवर दुसरे आणि तिसरे निसटलेले असते, आणि तासाच्या शेवटी त्याच्या वहीत एकमेकांशी संबंध नसलेली पंधरा-वीस सुंदर वाक्ये जमा होतात. पुढे सांगितलेली पद्धत ही सवय मोडण्यासाठी आहे. व्याख्यान मराठीतून आहे आणि टिपणेही मराठीतूनच काढायची आहेत, असे गृहीत धरले आहे, कारण मराठी ऐकून मराठीत लिहिताना काही अडचणी अशा येतात की परभाषेतील मार्गदर्शनात त्यांचा उल्लेख सापडण्याची शक्यता नाही.

तयारी फार लागत नाही, पण ती टाळू नये. विषयावरचे पाठ्यपुस्तकातील प्रकरण किंवा विश्वकोशातील एखादी नोंद आदल्या दिवशी वीस मिनिटे चाळली, तरी व्यक्तिनामे, स्थळनामे आणि पारिभाषिक शब्द कानाला ओळखीचे होतात. ऐकताना वेळ खाणारी गोष्ट बहुधा विचार नसून अनोळखी नाव हीच असते. पानाच्या माथ्यावर तारीख, वक्त्याचे नाव आणि विषय लिहून ठेवावा. पानाच्या एकाच बाजूला लिहावे आणि मागची बाजू कोरी सोडावी. ती पुढे कामाला येते.

पानाची आखणी कशी असावी, याविषयी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात सुचविलेली रचना आजही सर्वांत सोयीची वाटते. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा सोडायचा, खाली सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची जागा सोडायची आणि व्याख्यान चालू असताना फक्त उरलेल्या उजव्या भागात लिहायचे. आपल्या लांबट वह्यांतील छापील समासाची रेघ यासाठी फार आत नसते, म्हणून पट्टीने दुसरी रेघ ओढून घ्यावी लागते. डावा पट्टा आणि खालची जागा व्याख्यानानंतरच्या कामासाठी आहे. त्या जागेत व्याख्यान चालू असताना काहीही लिहू नये. कागद वाया जातो आहे, असे वाटणाऱ्यांना हा नियम सुरुवातीला जड जातो.

सार्वजनिक व्याख्यान असेल, तर प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि आयोजकांचे आभार संपेपर्यंत लेखणीला विश्रांती द्यावी. वक्ता बोलू लागला की मात्र पहिली पाच-सात मिनिटे अत्यंत सावधपणे ऐकावीत, कारण चांगला वक्ता बहुधा इथेच विषयाची मांडणी सांगून टाकतो. ‘आज आपण या प्रश्नाच्या तीन बाजू पाहणार आहोत’ असे त्याने म्हटले, की पानावर १, २, ३ हे आकडे पुरेसे अंतर सोडून आधीच मांडून ठेवता येतात. पुढे वक्ता भरकटला, दुसऱ्या मुद्द्यात पहिल्याची पुनरुक्ती करू लागला, तरी ऐकलेले कोणत्या आकड्याखाली जाते, हे ठरवणे सोपे जाते.

आता मुख्य गोष्ट. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुतेक वेळा त्या क्रियापदालाच चिकटून येतो. वाक्याच्या सुरुवातीपासून लिहू लागलेला हात त्यामुळे वक्त्याच्या म्हणण्याच्या नेमक्या उलट अर्थाची नोंद करू शकतो. ‘अमुक हे तमुकाचे खरे कारण आहे’ इथपर्यंत ऐकून आपण समाधानाने लिहून टाकतो आणि पाठोपाठ ‘असे म्हणता येणार नाही’ हे शब्द येतात, तेव्हा आपले डोके वहीत असते. म्हणून वाक्य संपेपर्यंत लिहू नये. वाक्य पूर्ण ऐकावे, अर्थ लागू द्यावा आणि वक्ता श्वास घेतो, पाणी पितो किंवा तेच दुसऱ्या शब्दांत सांगू लागतो, त्या फटीत लिहावे. ‘जरी’ ऐकले की ‘तरी’ची, ‘एकीकडे’ ऐकले की ‘दुसरीकडे’ची आणि ‘असे मानले जाते की’ ऐकले की ‘परंतु’ची वाट पाहावी. सुरुवातीला भीती वाटते की वाट पाहता पाहता सगळेच निसटेल. तसे होत नाही, कारण वाक्याच्या शेवटी अर्थ हाती आला की लिहिण्याजोगे शब्द तीन-चारच उरतात.

एक उदाहरण घेऊ. दख्खनच्या दंग्यांवरचे व्याख्यान चालू आहे आणि वक्ते म्हणतात:

“अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मग काय, आपल्याकडच्या कापसाला एकदम भाव आला. कालपर्यंत दारात उभा न करणारा सावकार आता आपण होऊन कर्ज देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपले, मागणी ओसरली, भाव पडले, सावकाराने हात आखडता घेतला. आणि त्यातच नव्या पाहणीनंतर शेतसाऱ्याची आकारणी वाढलेली. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सरकारने आयोग नेमला. आता गंमत पाहा, वाढलेला शेतसारा हे या असंतोषाचे मूळ होते, असे काही त्या आयोगाने मानले नाही. त्याने दोष दिला तो सावकारांना. आणि मग अठराशे एकोणऐंशीत शेतकऱ्यांना कर्जाच्या बाबतीत संरक्षण देणारा कायदा झाला.”

एवढे बोलायला मिनिटभराहून फारसा जास्त वेळ लागत नाही. यावरून काढलेले टिपण साधारण असे असावे:

१८६१ अमे. यादवी → कापूस बंद → इथे भाव ↑ → कर्ज सहज
१८६५ युद्ध संपले → भाव ↓ → कर्ज बंद + सारा वाढ
∴ १२ मे १८७५, सुपे (पुणे): वह्या, रोखे जाळले
आयोग: सारा ✗ सावकार ✓
१८७९ कायदा (कर्ज, शेतकरी)
[आयोग सरकारचा, सारा सरकारचा!]

या सहा ओळींत वक्त्याचे एकही वाक्य नाही, पण घटनाक्रम, कार्यकारणभाव आणि आयोगाचे मत शाबूत आहे. ‘मग काय’, ‘गंमत पाहा’ हे शब्द लिहायचे नाहीत, मात्र ते ऐकायचे आहेत, कारण वक्ता वळण घेतो ते अशाच शब्दांवर. ‘गंमत पाहा’ म्हटल्यानंतर आलेल्या वाक्यातच नेमका शेवटी नकार होता. क्रियापदाची वाट न पाहणाऱ्याच्या वहीत ‘आयोग: मूळ – शेतसारा’ अशी नोंद झाली असती आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती वाचताना तिच्याविषयी शंका येण्याचे काही कारणही नव्हते.

चौकटी कंसातील शेवटची ओळ श्रोत्याची स्वतःची आहे. टिपणात तीन आवाज मिसळण्याची फार मोठी शक्यता असते: वक्त्याचे स्वतःचे मत, वक्त्याने सांगितलेले दुसऱ्याचे मत आणि ऐकताना आपल्या मनात आलेली गोष्ट. दोन महिन्यांनी वही उघडल्यावर ही तिन्ही सारखीच दिसतात. त्यासाठी ज्याचे मत आहे त्याचे नाव आधी लिहून पुढे अपूर्णविराम द्यावा, आपले म्हणणे नेहमी चौकटी कंसात ठेवावे आणि ज्या ओळीला असे काहीच चिन्ह नाही ती वक्त्याची समजावी. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, साहित्य अशा वादविवादाच्या विषयांत ही शिस्त इतर कोणत्याही युक्तीपेक्षा जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मराठीत दोन अंकी संख्येचा एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘पंचाहत्तर’ ऐकताना कानावर पाच आधी पडतो आणि कागदावर सात आधी उमटायला हवा. घाईत हे अंक उलटे पडतात. त्याहून घातक म्हणजे ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्या. ‘एकोणऐंशी’मधला ‘ऐंशी’ हा भाग कानात घुमतो आणि हात ७९ ऐवजी ८९ लिहून मोकळा होतो. एवढ्यावरून वरचा कायदा दहा वर्षे पुढे गेला असता. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर या जोड्यांतही लांबच्या खुर्चीवरून ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. उपाय दोन आहेत. संख्येचा पूर्ण उच्चार संपल्याशिवाय पहिला अंक लिहू नये, आणि शंका आली तर आकड्यावर बारीक प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे. मागच्यापुढच्या घटनांवरून तो आकडा नंतर पडताळता येतो. तिथेच अडकून राहिलो, तर पुढचा मुद्दाच हातचा जातो.

लिहिण्याचा वेग वाढवण्याचे मार्ग आपल्या लिपीतच आहेत. पहिला म्हणजे शिरोरेषा सोडून देणे. कारकुनी लेखनासाठी शतकानुशतके वापरल्या गेलेल्या मोडी लिपीत रेघ आधी सलग ओढून तिच्याखाली अक्षरे, लेखणी शक्य तितकी न उचलता, लिहीत जात. देवनागरीत आपण अक्षरे लिहून वर पुन्हा रेघ मारतो, म्हणजे प्रत्येक शब्दावरून हात दोनदा फिरतो. टिपणात ती रेघ अजिबात मारू नये. एक खबरदारी घ्यावी लागते: ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील फरक पुष्कळसा शिरोरेषेच्या तुटण्यावर अवलंबून असल्यामुळे, रेघेविना लिहिताना ‘भ’ आणि ‘ध’ यांची वरची गाठ ठळक काढण्याची सवय लावून घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी त्या वेळी करू नये. ती ज्यांना सुटत नाही, त्यांनी नंतर शुद्ध प्रत काढताना ती यथेच्छ करावी.

दुसरा मार्ग संक्षेपांचा. इ. स., उदा., वि., पृ. हे सर्वांच्या वापरातले आहेतच. भूमितीच्या वहीत सिद्धता लिहिताना ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांसाठी शिकलेली तीन ठिपक्यांची चिन्हे शाळा सुटल्यावर बहुतेक जण विसरून जातात. टिपणांइतकी ती दुसरीकडे क्वचितच उपयोगी पडत असतील. वाढ आणि घट यांसाठी वर-खाली जाणारे बाण, परिणामासाठी आडवा बाण, विरोधासाठी फुली, एवढे पुरते. व्याख्यानात वारंवार येणाऱ्या लांब शब्दासाठी त्या दिवसापुरता संक्षेप ठरवावा आणि तो पानाच्या कोपऱ्यात एकदा फोड करून लिहावा: ‘शेसा = शेतसारा’, ‘सन्या = सर्वोच्च न्यायालय’. फोड न लिहिता केलेले संक्षेप महिन्याभरात लिहिणाऱ्यालाच परके होतात. वीस-पंचवीसहून अधिक संक्षेपही ठेवू नयेत, नाहीतर कोणता वापरावा हे आठवण्यातच वेळ जातो.

वक्त्याने अभंग, श्लोक किंवा एखादे प्रसिद्ध वचन उद्धृत केले, तर त्याचे पहिले दोन-तीन शब्द आणि कर्त्याचे नाव एवढेच टिपावे. पूर्ण पाठ नंतर पुस्तकात अधिक शुद्ध मिळतो. विनोद आणि किस्से लिहू नयेत. मात्र किस्सा कोणत्या मुद्द्यासाठी सांगितला, हे दोन शब्दांत नोंदवावे, कारण पुष्कळदा मुद्दा विसरला तरी किस्सा आठवतो आणि त्याच्या शेपटीला धरून मुद्दा परत येतो. व्याख्या आणि कायद्याची कलमे याला अपवाद आहेत. तिथे शब्दच महत्त्वाचे असतात. वक्त्याने व्याख्या सांगायला सुरुवात केली, की इतर सगळे थांबवून ती शब्दशः घ्यावी.

काही निसटले, तर शेजाऱ्याला विचारू नये. विचारणारा आणि सांगणारा असे दोघेही पुढची दोन वाक्ये गमावतात. एक ओळ कोरी सोडावी, तिच्यापाशी फुली मारावी आणि पुढे चालू लागावे. फळ्यावरच्या आकृतीचा किंवा पडद्यावरच्या तक्त्याचा फोटो घ्यायला हरकत नाही, पण टिपणात त्या जागी ‘फोटो’ असे लिहून वेळ नोंदवावी. तसे न केल्यास ते फोटो मोबाईलमध्ये इतर शेकडो फोटोंत हरवतात. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास वक्त्याची परवानगी घ्यावी आणि तेही कोऱ्या ओळी भरण्यापुरतेच वापरावे. दीड तासाचे मुद्रण पुन्हा ऐकायला दीड तासच लागतो, आणि मुद्रण चालू आहे या भरवशावर ऐकणाऱ्याचे लक्ष सैल पडते ते वेगळेच.

लॅपटॉपवर टिपणे घ्यावीत की हाताने, हा वाद अलीकडचा आहे. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द आणि तेही अधिक शब्दशः उतरवले, पण संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते मागे पडले, असे दिसले. २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा हा फरक तितका स्पष्ट आढळला नाही. म्हणून हाताने लिहिणे हाच एकमेव मार्ग, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मराठीपुरता मात्र एक व्यावहारिक मुद्दा आहे: शासकीय नोकरीसाठी मराठी टंकलेखनाची अटच मिनिटाला ३० शब्दांची आहे आणि सराव न केलेल्या बहुतेकांची बोटे तिथपर्यंतही पोहोचत नाहीत. टंकलेखनाने वेगाचा फायदाच होणार नसेल, तर बाण, कंस आणि आकृत्या मनासारख्या काढू देणारा कागद सोडण्यात अर्थ नाही.

व्याख्यान संपले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले त्याच दिवशी, शक्यतो झोपण्यापूर्वी, करायचे असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले आणि विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो, हे दाखवले. अर्थपूर्ण व्याख्यान तितक्या झपाट्याने विसरले जात नाही, पण ‘कर्ज सहज’ या दोन शब्दांमागचे पूर्ण वाक्य त्या संध्याकाळी आठवते आणि आठवड्याने आठवत नाही, हा अनुभव टिपणे घेणाऱ्या प्रत्येकाला असतो. त्या वेळी अर्धवट अक्षरे नीट करावीत, फुल्या मारलेल्या ओळी पुस्तक किंवा मित्राची वही पाहून भराव्यात आणि त्यात न मावणारा मजकूर समोरच्या कोऱ्या पानावर लिहावा. सगळे टिपण सुवाच्य अक्षरांत पुन्हा उतरवून काढण्याचा मोह टाळावा. त्यात हात गुंततो, डोके नाही.

त्यानंतर डाव्या पट्ट्याची पाळी. उजवीकडच्या मजकुराचे उत्तर होईल असे प्रश्न तिथे लिहावेत. वरच्या टिपणासमोर ‘अमेरिकेतील युद्धाचा सुप्याशी संबंध काय?’ आणि ‘आयोगाने कोणाला दोषी मानले आणि कोणाला नाही?’ असे दोन प्रश्न पुरेत. ‘दंगे केव्हा झाले?’ असा केवळ तारखेचा प्रश्न एखादाच असावा. खालच्या मोकळ्या जागेत पूर्ण पानाचा आशय दोन-तीन वाक्यांत, या वेळी मात्र पूर्ण क्रियापदांसह, लिहावा. हे लिहिता आले नाही, तर व्याख्यान समजलेले नाही असे खुशाल मानावे आणि पुस्तकाकडे वळावे.

उजळणी करताना उजवा भाग कागदाने झाकावा, डावीकडचा प्रश्न वाचावा, उत्तर मोठ्याने द्यावे आणि मगच कागद सरकवावा. नुसते पुन्हा पुन्हा वाचणे यापेक्षा सुखाचे असते आणि त्यामुळेच फसवे असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून पाहणारे त्यांच्या बरेच पुढे गेले. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची आठवड्याने आणि त्यानंतर परीक्षेच्या गरजेनुसार करावी. परीक्षा नसलेल्या श्रोत्याने पहिल्या दोन केल्या तरी पुष्कळ झाले.

कार्यालयातील किंवा गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत टिपणे घेताना यातील बराचसा भाग गैरलागू ठरतो. तिथे कोण काय म्हणाले, यापेक्षा काय ठरले, ते कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, या तीन रकान्यांची आखणी पुरते. चर्चा कितीही रंगली, तरी रकान्यात जाईल तेवढेच लिहावे. ठराव असेल, तर सूचक आणि अनुमोदक यांची नावे आणि ठरावाचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत, कारण इतिवृत्त पुढच्या सभेत वाचले जाते आणि तेव्हा शब्दाशब्दावरून वाद होऊ शकतो.

वहीच्या पानांना पहिल्याच दिवशी क्रमांक घालावेत आणि सुरुवातीची दोन पाने अनुक्रमणिकेसाठी ठेवावीत. प्रत्येक व्याख्यानानंतर तिथे तारीख, विषय आणि पान क्रमांक यांची एक ओळ लिहावी. त्याच विषयावरचे दुसरे व्याख्यान पुढे ऐकण्यात आले, तर दोन्ही टिपणांच्या डाव्या पट्ट्यात परस्परांचे पान क्रमांक नोंदवावेत. दोन वक्त्यांनी एकाच घटनेची कारणे वेगवेगळी सांगितली असतील, तर ती तिथेच समोरासमोर येतात.